मांजर, दमा आणि सल्ल्यांचा सुकाळ

घरात मांजर आहे आणि घरातल्याच एखाद्या माणसाला मांजराची ॲलर्जी आहे, अशा वेळी काय करावे? या प्रश्नाला उत्तर देणारे लेख, माहितीपत्रके, दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्ते आणि जाहिराती यांचा सध्या सुकाळ आहे. यांपैकी बरेच साहित्य, मराठी आणि इंग्रजी, आम्ही जमवून वाचले. त्यातले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत, याचे आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. शास्त्रात मतभेद असायचेच. आमची तक्रार वेगळी आहे. सल्ला कोणत्या आधारावर दिला आहे, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलेच नसते. 'मांजर ताबडतोब बाहेर काढा', 'मांजराला आठवड्याला आंघोळ घाला', 'अमुक जातीचे मांजर आणा, त्रास होणार नाही', 'लहानपणापासून मांजर असेल तर दमा होतच नाही' ही चारही विधाने सारख्याच ठाम सुरात केलेली असतात. त्यांतले कोणते भक्कम आणि कोणते तकलादू, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

विषय किरकोळ नाही. एका बाजूला रात्री धाप लागून उठून बसणारे मूल असते. दुसऱ्या बाजूला एक मुका जीव असतो. आपल्याकडे मांजर नको झाले, की त्याला पोत्यात घालून दूर बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून यायची पद्धत आहे. चुकीच्या सल्ल्याची किंमत या दोघांपैकी एकाला, आणि पुष्कळदा दोघांनाही, मोजावी लागते. शिवाय पालक असे प्रश्न डॉक्टरांच्या आधी शाळेतल्या बाईंना किंवा सरांना विचारतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून या सल्ल्यांची थोडी झाडाझडती घ्यायचे आम्ही ठरवले. कसोटी म्हणून तीन साधे प्रश्न ठेवले. नेमके काय मोजले? कोणावर मोजले? आणि कशाशी तुलना केली?

केस बिचारे निर्दोष

'मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो' ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. छापील लेखांतही 'मांजराच्या केसांची ॲलर्जी' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. दोन्ही चुकीचे आहेत. मांजराच्या ॲलर्जीला मुख्यतः जबाबदार असते ते एक प्रथिन. 'फेलिस डोमेस्टिकस' या मांजराच्या शास्त्रीय नावावरून त्याला 'फेल डी १' असे म्हणतात. १९७० च्या दशकात ते वेगळे काढण्यात आले आणि १९९१ मध्ये त्याची रचना उलगडली. मांजराची ॲलर्जी असलेल्या माणसांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांची प्रतिकारयंत्रणा या एकाच प्रथिनावर उखडलेली असते.

हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत तयार होते. मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालवते. लाळ केसांवर बसते, वाळते, तिचे आणि कातडीच्या पापुद्र्यांचे बारीक कण सुटतात आणि हवेत मिसळतात. केस हे केवळ वाहन आहे. त्यामुळे बिनकेसाच्या मांजरापासूनही हे प्रथिन सुटतेच, आणि मांजराचे केस भादरून फायदा होईल असे मानायला आधार नाही. केस गिळल्याने दमा होतो हे तर मुळातच खरे नाही. त्रास होतो तो श्वासावाटे गेलेल्या कणांमुळे.

असे कण नाकात किंवा श्वासनलिकेत गेले की काय होते? ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड आधीच तयार झालेले असते. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये, १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे या प्रतिपिंडाचा छडा लावला. आयजीई हे 'मास्ट पेशी' नावाच्या पेशींवर चिकटून बसलेले असते. प्रथिन येऊन त्याला भिडले, की या पेशी हिस्टामीन व इतर रसायने ओततात. मग नाक वाहते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. श्वासनलिका आकसल्या तर छातीत घरघर सुरू होते आणि धाप लागते.

'केस' आणि 'प्रथिन' हा फरक शब्दच्छल वाटेल. पण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. केस दिसतो, तो केरसुणीने झाडता येतो. प्रथिन दिसत नाही. सोफ्यावर एकही केस नाही म्हणून घर स्वच्छ आहे असे समजणारा माणूस डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखाच होय.

तीन तास तरंगणारा कण

पुष्कळ माहितीपत्रकांत मांजराची ॲलर्जी आणि घरातल्या धुळीतील माइट या सूक्ष्म किडीची ॲलर्जी यांना एकच सल्ला दिलेला आढळतो. गादीला खोळ घाला, चादरी गरम पाण्यात धुवा. माइटसाठी हे ठीक आहे. मांजराच्या बाबतीत एक मोठा फरक आहे, आणि तो नववी-दहावीच्या वर्गात गणित करून दाखवण्याजोगा आहे.

माइटचे ॲलर्जीकारक प्रथिन प्रामुख्याने १० ते २० मायक्रॉनच्या कणांवर असते. मांजराच्या प्रथिनाचा लक्षणीय भाग ५ मायक्रॉनपेक्षाही लहान कणांवर असतो. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) स्टोक्सच्या नियमाप्रमाणे स्थिर हवेत कण ज्या वेगाने खाली येतो, तो वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा २० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे १२ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे २ मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला तीन मिनिटेही लागत नाहीत. २.५ मायक्रॉनच्या कणाचा व्यास त्याच्या एक अष्टमांश. म्हणून त्याचा वेग एक चौसष्टांश. त्याला तेच अंतर कापायला जवळजवळ तीन तास लागतात. प्रत्यक्षात घरातली हवा स्थिर नसते. माणसे वावरतात, पंखा फिरतो. कण आणखी तरंगत राहतात.

यावरून एका नेहमीच्या अनुभवाचा उलगडा होतो. मांजराची ॲलर्जी असलेला पाहुणा घरात पाऊल टाकताच शिंकू लागतो, त्या वेळी मांजर शेजारच्या गच्चीवर का असेना. माइटची ॲलर्जी असलेल्याला असा तडकाफडकी त्रास सहसा होत नाही. 'मांजर खोलीबाहेर ठेवा म्हणजे झाले' या सल्ल्यातली उणीवही यातून दिसते. खोलीचे दार बंद करून मांजर अडते. हवा आणि कपडे अडत नाहीत.

या कणांचा चिवटपणा किती, हे अमेरिकेतील एका देशव्यापी पाहणीत दिसून आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत घरांतल्या धुळीची तपासणी केली गेली. कुत्रा किंवा मांजर पाळलेले होते निम्म्याच घरांत. पण मांजराचे प्रथिन ९९.९ टक्के घरांत सापडले. ते माणसांच्या कपड्यांवरून तेथे गेले होते. अर्थात प्रमाणात फरक होता. मांजर असलेल्या घरातले प्रमाण मांजर नसलेल्या घरापेक्षा शेकडो पटींनी अधिक असू शकते. हा 'शेकडो पटींनी' ध्यानात ठेवावा. पुढे लागणार आहे.

'आठ दिवस बाहेर ठेवून पाहा'

हा सल्ला फार लोकप्रिय आहे, कारण तो प्रयोगासारखा दिसतो. मांजर आठ-पंधरा दिवस नातेवाइकांकडे ठेवावे. मुलाला बरे वाटले तर मांजर दोषी, न वाटले तर निर्दोष. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने दिवाळीच्या सुटीत नेमके हेच केले. मांजर गावी आजीकडे गेले, अकरा वर्षांच्या मुलीचा खोकला काही थांबला नाही, आणि मांजराची सन्मानपूर्वक मुक्तता होऊन ते परत आले. कुटुंब सुशिक्षित होते, पद्धतही त्यांना शास्त्रीय वाटली. तरी निष्कर्षाला आधार नव्हता.

का, ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसते. मांजर बाहेर दिलेल्या १५ घरांतील धूळ संशोधकांनी काही महिने तपासली. मांजर नसलेल्या घराइतकी पातळी यायला बहुतेक ठिकाणी २० ते २४ आठवडे लागले. जेथे गालिचे आणि गादीच्या खुर्च्याही हलवल्या, तेथे ती लवकर उतरली. म्हणजे मांजर गेले तरी त्याचे प्रथिन घरात चार-पाच महिने ठाण मांडून असते. आठ दिवसांच्या प्रयोगात मांजर 'नसलेले' घर मुळात अस्तित्वातच येत नाही. त्या दिवाळीत तर घराची झाडलोट झाली, जळमटे निघाली, फटाक्यांचा धूर झाला. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर परिणाम कशाचा हे कसे कळावे? विज्ञानाच्या तासाला 'एका वेळी एकच घटक बदलावा' असे आपण शिकवतो, ते येथे लागू पडते.

उलटही घडते. मांजर बाहेर गेले, त्याच सुमारास ऋतू बदलला, मुलाला आराम पडला आणि मांजर कायमचे दोषी ठरले. प्रत्यक्षात त्रास माइटचा किंवा झुरळांचा असू शकतो. म्हणून मांजर बाहेर काढण्यापूर्वी त्वचाचाचणी किंवा रक्तातील आयजीईची तपासणी करून घ्यावी. ती आली तरी तेवढ्यावर भागत नाही. चाचणीत मांजराची खूण उमटलेल्या काहींना प्रत्यक्षात काहीच त्रास नसतो. चाचणी आणि लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे, आणि तो बसवणे हे डॉक्टरांचे काम आहे.

कण कमी झाले, त्रास कमी झाला का?

आता मांजर घरात ठेवून करायच्या उपायांकडे वळू. येथे आमचा पहिला प्रश्न उपयोगी पडतो. नेमके काय मोजले?

मांजराला आंघोळ घालण्याचेच उदाहरण घ्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजराला पाण्यात बुडवून धुतल्यावर हवेतील प्रथिन ७९ टक्क्यांनी घटले. माहितीपत्रकांत आंघोळीचा फायदा येतो. त्याच अभ्यासात पुढे काय म्हटले आहे ते येत नाही. आठवड्याभराने फायदा टिकलेला नव्हता. म्हणजे आठवड्याला एक आंघोळ पुरेशी नाही; ती त्याहून वारंवार घालावी लागेल. पाण्याशी वैर असलेल्या या प्राण्याला सतत पाण्यात बुडवायचे कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यापेक्षा हे काम सोपे नाही. ओरखडे निघतील ते वेगळेच.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. या यंत्रांतील 'हेपा' गाळणी बारीक कण उत्तम अडवते. जाहिरात येथेच थांबते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरासह राहणाऱ्या ३५ ॲलर्जीग्रस्तांपैकी काहींच्या झोपण्याच्या खोलीत खरी गाळणी असलेले यंत्र तर काहींच्या खोलीत हुबेहूब दिसणारे नकली यंत्र ठेवले. आपल्याकडे कोणते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. खऱ्या यंत्राने हवेतील प्रथिन खरोखरच कमी झाले. पण नाकाच्या व छातीच्या तक्रारींत, औषधांच्या वापरात दोन गटांमध्ये उल्लेखनीय फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी दमा असलेल्या मुलांवरील एका लहान अभ्यासात मात्र थोडा फायदा आढळला. तेव्हा यंत्र निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. 'प्रथिन कमी झाले' आणि 'माणूस बरा झाला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि पहिले सिद्ध करून दुसरे विकले जाते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तोच मुद्दा नव्या खाद्याला लागू होतो. कोंबडीच्या अंड्यातून मिळणारे, फेल डी १ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड मांजराच्या खाद्यात मिसळायची कल्पना खरोखर सुरेख आहे. मांजर खाते तेव्हा तोंडातच लाळेतल्या प्रथिनाला हे प्रतिपिंड चिकटते. मांजराच्या शरीरातली निर्मिती जशीच्या तशी राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०५ मांजरांवरील अभ्यासात केसांवरील सक्रिय प्रथिन तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास खाद्य तयार करणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. मात्र मोजले ते मांजराच्या केसांवर, माणसाच्या नाकात नव्हे. आणि मघाचा 'शेकडो पटींनी' आठवा. जेथे प्रमाण ३०० पट आहे, तेथे ते १६० पट झाले. ज्याला सौम्य त्रास आहे त्याला याचा आधार वाटू शकेल. दम्याच्या रुग्णाने यावर विसंबू नये.

तुलनेचे महत्त्व किती, याचा धडा २०१६ मध्ये मिळाला. मांजराच्या प्रथिनाचे लहान तुकडे टोचून ॲलर्जी घालवू पाहणाऱ्या एका लसीची मोठी चाचणी झाली. हजाराहून अधिक लोकांनी भाग घेतला. लस घेतलेल्यांच्या तक्रारी खूपच कमी झाल्या. नुसते औषध नसलेले द्रव टोचलेल्यांच्या तक्रारीही जवळजवळ तेवढ्याच कमी झाल्या! चाचणी फसली आणि लस मागे पडली. दुसरा गट नसता तर ती लस विजयाच्या डंक्यासह बाजारात आली असती. 'आम्ही वापरले, आम्हाला गुण आला' असे सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत हा दुसरा गट गैरहजर असतो.

'निर्धोक' मांजर विकणे आहे

२००४ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने ॲलर्जी न करणारी मांजरे मिळतील असे जाहीर करून मागणी नोंदवायला सुरुवात केली. किंमत हजारो डॉलर. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. दाव्याला आधार देणारी मोजमापे मात्र शास्त्रीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या छाननीतून कधी आली नाहीत, आणि काही वर्षांत कंपनीने मागणी घेणे थांबवले. ती थांबली तरी कल्पना थांबली नाही. सायबेरियन, बालिनीज अशा जातींची मांजरे 'कमी ॲलर्जीची' म्हणून आजही विकली जातात, आणि भारतातल्या शहरांतही त्यांना गिऱ्हाईक आहे.

जातीच्या नावावर भरवसा ठेवावा असा पुरेसा पुरावा आमच्या वाचनात आला नाही. मांजरा-मांजरांत फरक मात्र मोठा असतो. एकाच मांजराच्या लाळेतले प्रमाणही दिवसागणिक बदलते, असे वर्षभर मोजमापे घेतलेल्या एका अभ्यासात दिसले. तेव्हा एका दिवशी मोजलेल्या एका पिलावरून साऱ्या जातीला प्रशस्तिपत्र देणे चुकीचे होय. एका गोष्टीला मात्र आधार आहे. खच्ची न केलेल्या बोक्यात हे प्रथिन अधिक असते आणि खच्चीकरणानंतर ते कमी होते. शस्त्रक्रियेने पिलांची अनावर संख्याही आटोक्यात राहते. हजारो डॉलरच्या मांजरापेक्षा हा उपाय पुष्कळ स्वस्त. माहितीपत्रकांत मात्र तो क्वचितच दिसतो.

जनुकांत बदल करून हे प्रथिनच नाहीसे करता येईल का, यावरही काम चालू आहे. २०२२ मध्ये मांजराच्या पेशींमध्ये क्रिस्पर तंत्राने ही जनुके तोडून दाखवली गेली. त्या पेशी प्रयोगशाळेतल्या होत्या. 

लहानपणी मांजर: चांगले की वाईट?

या प्रश्नावर मथळ्यांचा लंबक सर्वांत जोरात फिरला. पूर्वी 'तान्ह्या बाळाच्या घरी मांजर नको' असे सांगत. २००२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात पहिल्या वर्षी घरात दोन किंवा अधिक कुत्री-मांजरे असलेल्या मुलांमध्ये सहा-सात वर्षांच्या वयात ॲलर्जीच्या खुणा कमी आढळल्या. लगेच 'मांजर पाळा, ॲलर्जी टाळा' असे लेख आले. येथे तुलनेचा प्रश्न पुन्हा विचारावा. ज्या घरात दमा-ॲलर्जी आहे ते कुटुंब मुळातच मांजर पाळत नाही. मग मांजर नसलेल्या घरांत ॲलर्जी जास्त दिसली तर दोष मांजराच्या अभावाचा, की आनुवंशिकतेचा?

२०१२ मध्ये युरोपातील ११ दीर्घकालीन अभ्यासांची, ११ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. बालपणी घरात प्राणी असण्याने सहा ते दहा वर्षांच्या वयात दम्याची शक्यता वाढलेली दिसली नाही आणि कमी झालेलीही दिसली नाही. तेव्हा बाळाला दमा होऊ नये म्हणून मांजर आणण्याची गरज नाही आणि घालवण्याचीही नाही.

याहून गंभीर चूक दुसरी आहे. हे सगळे अभ्यास ज्यांना अजून ॲलर्जी झालेली नाही अशा मुलांवरचे आहेत. ते वाचून 'सहवासाने सवय होईल' असे म्हणत धाप लागणाऱ्या मुलाला मांजराजवळ ठेवणे, ही तिसऱ्या गटाला पहिल्या गटाचे उत्तर चिकटवण्याची गफलत आहे. भरपूर सहवासाने काहींच्या शरीरात निराळ्या प्रकारचे, त्रास न देणारे प्रतिपिंड तयार होते, हे खरे. पण ज्याला दमा आहे त्याच्यावर घरच्या घरी हा प्रयोग करणे धोक्याचे आहे.

मांजर वर्गातही येते

आमच्या वाचनातील बहुतेक लेखांनी घराचा उंबरठा ओलांडलाच नाही. शिक्षकांच्या दृष्टीने खरी महत्त्वाची माहिती उंबरठ्याबाहेर आहे. स्वीडनमध्ये सहा ते बारा वर्षांच्या, मांजराची ॲलर्जी व दमा असलेल्या, पण स्वतःच्या घरी मांजर नसलेल्या मुलांची पाहणी झाली आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली. ज्या वर्गांत १८ टक्क्यांहून अधिक मुलांच्या घरी मांजर होते, त्या वर्गांतील अशा मुलांचा दमा बळावण्याचा धोका इतर वर्गांच्या तुलनेने नऊपट आढळला. वर्गात एकही मांजर नव्हते. मांजर आले होते ते मित्रांच्या सदऱ्यांवरून.

मग वर्ग अधिक कसोशीने झाडून-पुसून पाहिला गेला, गादीचे सामान काढून पाहिले गेले. हवेतल्या प्रथिनावर परिणाम झाला नाही. झाला तो दुसऱ्या उपायाने. मुलांनी शाळेतच ठेवलेले कपडे शाळेत आल्यावर घातले, तेव्हा प्रमाण कित्येक पटींनी उतरले. घरी मांजर न पाळणाऱ्या मुलांच्या वर्गातही ते साधारण तेवढेच कमी होते. म्हणजे कपड्यांची व्यवस्था नीट केली, तर कोणाच्या घरचे मांजर घालवण्याची गरज नव्हती.

हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे आणू नयेत. तेथील वर्ग थंडीमुळे बंद असतात, आपल्या बहुतेक वर्गांना उघड्या खिडक्या असतात. तेथील घरांत गालिचे, आपल्याकडे फरशी किंवा शहाबादी लादी, जी ओल्या फडक्याने पुसता येते. इंग्रजी लेखांवरून बेतलेल्या मराठी लेखांत 'गालिचे काढून टाका' असे वाचले, की हा फरक लेखकाच्या ध्यानात आला नसावा अशी शंका येते. त्याच वेळी आपल्याकडच्या गोधड्या, कापसाच्या गाद्या आणि सतरंज्या यांचा उल्लेख कोठेच नसतो. आपल्या मुलांना गणवेश असतो, तो ही अडचण सोडवत नाही, कारण तो घरूनच घालून येतात. मांजर ज्यावर झोपले ती घडी तशीच अंगावर चढते. गणवेश बंद कपाटात ठेवावा आणि सकाळी निघताना शेवटी घालावा, एवढे घरी सांगता येईल.

मग करावे काय?

सल्ल्यांवर टीका करून स्वतः हात झटकणे बरे नव्हे. वर तपासलेल्या पुराव्याला धरून जे सांगता येते ते असे.

ज्याला मांजरामुळे दमा बळावतो हे डॉक्टरांनी नीट तपासून निश्चित केले आहे, त्याच्या घरातून मांजर दुसऱ्या चांगल्या घरी देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. याचाही पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही. जपानमधील २० रुग्णांच्या एका अभ्यासात निरनिराळे पाळीव प्राणी बाहेर दिलेल्यांना नंतर औषध कमी लागले. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, प्राणी कोणी द्यायचा हे रुग्णांनीच ठरवले होते. तरीही दिशा स्पष्ट आहे. 'चांगल्या घरी देणे' म्हणजे पोत्यात घालून सोडणे नव्हे. आणि मांजर गेल्यावर लगेच गुण येईल अशी आशा दाखवू नये. भिंती पुसाव्या, गाद्या-गोधड्या धुवाव्या किंवा बदलाव्या, आणि चार-पाच महिने धीर धरावा.

त्रास शिंका-डोळे चुरचुरणे एवढाच असेल आणि घराला मांजर सोडवत नसेल, तर अनेक लहान उपाय एकत्र करावे. एकेका उपायाने भागत नाही, हे वर पाहिलेच. मांजर झोपण्याच्या खोलीत कधीच येऊ देऊ नये, खिडक्या उघड्या ठेवाव्या, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी, पांघरुणे वारंवार धुवावी, मांजराला कुरवाळल्यावर हात धुवावे, त्याचे अंग विंचरण्याचे काम ॲलर्जी नसलेल्याने घराबाहेर करावे, बोका असेल तर त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित घ्यावे. तीन ते पाच वर्षे चालणारी प्रतिकारशक्ती वळवण्याची इंजेक्शने काहींना उपयोगी पडतात. ती तज्ज्ञाकडेच घ्यावी. आणि रात्रीची धाप, घरघर किंवा वारंवार पंप लागणे यांपैकी काही सुरू झाले, तर 'मांजर राहू दे, बघू' ही भूमिका सोडून द्यावी.

शाळेत आपण तीन गोष्टी करू शकतो. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात किंवा हाताशी आहे ना, हे पाहावे. कपाटात कुलूपबंद ठेवू नये. सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत एखादे मूल अचानक खोकू लागले, खेळाच्या तासाला मागे पडू लागले, तर ते टाळाटाळ करते आहे असे चटकन ठरवू नये. आणि त्याला शेजारी बसणाऱ्या मांजरवाल्या मित्रापासून हलवावे लागलेच, तर त्या मित्राची 'मांजऱ्या' म्हणून चेष्टा होणार नाही एवढी काळजी घ्यावी.

याखेरीज एक काम वर्गातच करता येण्याजोगे आहे. मांजर, दमा, केस, आंघोळ यांवरचा एखादा छापील लेख किंवा जाहिरात मुलांना आणायला सांगावी. फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत आणि प्रत्येक विधानापुढे मुलांनाच उत्तरे शोधू द्यावीत. अनेक रकाने कोरे राहतील. ते कोरे रकाने घेऊन मुले घरी गेली, तर संध्याकाळी आईबाबांशी होणारे बोलणे आमच्या या लेखापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.